खजिन्याच्या किल्ल्या आणि कंपनीचे साहेब

एखाद्या बड्या कंपनीचा अधिकारी सरकारात गेला, अर्थखात्यातील किंवा व्यापार-उद्योगाच्या एखाद्या मोठ्या मंडळातील वरची खुर्ची त्याला मिळाली, की आपल्या बाजारपेठेत दोन तऱ्हेची मते ऐकू येतात. काहीजण म्हणतात, "चला, धंदा कळणारा माणूस तरी आला. आता कागदी घोडे कमी नाचतील." दुसरे म्हणतात, "हा बड्यांचा माणूस, बड्यांचेच बघणार. आपल्याला काय त्याचे?" परभणीच्या मोंढ्यात असो की जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेडच्या बाजारात असो, चहाच्या टपरीवर ही दोन्ही मते सारख्याच जोराने मांडली जातात. आमच्या मते दोन्ही घाईची आहेत. माणूस कोठून आला एवढ्यावरून त्याची पारख होत नाही. तो येताना मागे काय सोडून आला, त्याला कोणाचा धंदा कळतो आणि तो हिशोब कोणाला देणार, या तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत.

मिसरच्या खजिन्याची जबाबदारी स्वीकारताना हजरत यूसुफ (अलै.) यांनी आपल्या दोन गुणांचा उल्लेख केला, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. एक जपणूक आणि दुसरी जाण. खजिना सांभाळणाऱ्याला दोन्ही हवेत. कंपनीतून येणाऱ्या साहेबांजवळ जाण असते असे आपण गृहीत धरतो आणि जपणुकीचा प्रश्न विचारायचे विसरतो. आता काही उदाहरणे पाहू.

आपल्याच मुलखातील दोन नावे

परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून 'हाली शिक्का' आणि 'कलदार' हे शब्द ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हे सांगावयास नको. राज्याचे नाणे वेगळे, इंग्रजांचे वेगळे. सात हाली रुपयांना सहा कलदार असा साधारण हिशोब होता. आपल्या भागाचा कापूस रेल्वेने मुंबईकडे जायचा आणि त्याची किंमत कलदारात ठरायची. त्यामुळे हैदराबादच्या अर्थखात्यात कोण बसतो याला इथल्या आडत्याच्या आणि जिनिंगवाल्याच्या दृष्टीने मोठा अर्थ होता.

१९४० नंतरच्या त्या दशकात मलिक गुलाम मुहम्मद हे काही वर्षे निजामाचे अर्थमंत्री होते. अलिगढचे पदवीधर, रेल्वेच्या हिशोब खात्यात तयार झालेले गृहस्थ. १९४५ साली महिंद्रा बंधूंबरोबर त्यांनी पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. तिचे नाव होते 'महिंद्रा अँड मोहम्मद'. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलच्या पदापर्यंत पोहोचले. इकडे १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. आपल्या जिल्ह्यातील किती शेतकरी आज याच कंपनीचा ट्रॅक्टर चालवतात! सरकारी तिजोरी, खाजगी पेढी आणि पुन्हा सरकारी तिजोरी असा हा प्रवास आठ-दहा वर्षांच्या आत घडला. म्हणजे ही रीत आजची नाही.

दुसरे नाव मीर लायक अली यांचे. हे पेशाने इंजिनिअर आणि हैदराबादचे नामांकित उद्योगपती. बांधकामाची मोठी कंपनी, सिरपूरची कागद गिरणी आणि सिरसिल्क हे उद्योग त्यांच्या नावाशी जोडलेले आहेत. १९४७ च्या अखेरीस निजामाने त्यांना पंतप्रधान केले. कारखाना उभारण्यात त्यांचा हात धरणारे त्या राज्यात थोडे होते. परंतु भारत सरकारशी 'जैसे थे' करार झाल्याबरोबर त्यांच्या सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन राज्यात बेकायदा ठरविले आणि सोने-चांदी भारतात नेण्यावर निर्बंध घातले. चारही बाजूंनी भारताने वेढलेल्या, भारताच्या बाजारावर जगणाऱ्या राज्यात हा हुकूम निघाला. ज्याचा माल मुंबईला जातो त्याने पैसा कोणत्या नाण्यात घ्यायचा? पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये जे घडले त्याचा इतिहास मोठा आहे आणि तो या पानाचा विषय नाही. राजकीय हट्टाची किंमत दोन्ही समाजांच्या गोरगरिबांनी मोजली, एवढे म्हणणे पुरे. व्यापाऱ्यांनी यातून घ्यायचा धडा साधा आहे. कारखान्यात मालकाचा शब्द अखेरचा असतो आणि चुकला तर नुकसान त्याचे होते. राज्यात चुकीचा हुकूम निघाला तर नुकसान त्या माणसाचे होते ज्याला कोणी विचारलेलेच नव्हते.

मथाईंचा राजीनामा

याच्या उलट उदाहरण डॉ. जॉन मथाई यांचे. मद्रासला अर्थशास्त्राचे प्राध्यापक, मग सरकारी टॅरिफ बोर्ड, आणि १९४० पासून टाटा समूहात. १९४४ साली देशातील बड्या उद्योगपतींनी जी 'मुंबई योजना' मांडली, तिच्यावर जे. आर. डी. टाटा व घनश्यामदास बिर्ला यांच्याबरोबर मथाई यांचीही सही आहे. स्वातंत्र्यानंतर ते रेल्वेमंत्री आणि १९४८ च्या सप्टेंबरात अर्थमंत्री झाले. सप्टेंबर १९४९ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत.

मार्च १९५० मध्ये नियोजन आयोग स्थापन झाला. मथाई यांना तो पटला नाही. मंत्रिमंडळाच्या शेजारी दुसरे मंत्रिमंडळ उभे राहील, खर्चावरचा अर्थखात्याचा ताबा सैल होईल, अशी त्यांची तक्रार होती. नेहरूंशी त्यांचे इतर मतभेदही होते आणि जून १९५० मध्ये ते सरकारमधून बाहेर पडले. नियोजन आयोग हवा होता की नको याबद्दल मते वेगळी असू शकतात. पण त्यांचा मुद्दा आजही विचारात घेण्याजोगा आहे. तिजोरीवर ज्याचा हात आहे त्याने लोकांच्या प्रतिनिधींपुढे उभे राहून उत्तर दिले पाहिजे. हा मुद्दा ज्याने मांडला तो गृहस्थ टाटांच्या कचेरीतून आला होता. म्हणून म्हणतो, माणूस कोणत्या दारातून आला यावरून शिक्का मारू नये.

तेंभलीचे आधार आणि गवंड्याची बोटे

अलीकडच्या काळातील सर्वांत मोठे उदाहरण नंदन निलेकणी यांचे. इन्फोसिस कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. २००९ साली कंपनीतील पद सोडून ते आधार प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले आणि त्यांना कॅबिनेट मंत्र्याचा दर्जा मिळाला. पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील तेंभली या आदिवासी गावात वाटले गेले. इतक्या मोठ्या देशात थोड्या वर्षांत कोट्यवधी लोकांना क्रमांक देणे हे काम कंपनीची शिस्त असल्याखेरीज झाले नसते, हे मान्य केलेच पाहिजे. ज्याला कधी बँकेच्या दारात उभे केले जात नव्हते अशा हमालाचे खाते आधारमुळे उघडले, हेही खरे.

परंतु दुसरी बाजूही पाहा. ओळख बोटाच्या ठशावर ठरली. दगड-विटा उचलणारा गवंडी, चुन्या-सिमेंटमध्ये हात घालणारा मजूर, भट्टीवर बसणारा लोहार, वयस्कर विडी कामगार बाई, यांची बोटे झिजलेली असतात. रेशन दुकानातील यंत्र त्यांचा ठसा ओळखत नाही. संगणकाच्या कचेरीत काम करणाऱ्याची बोटे झिजत नाहीत, त्यामुळे योजना आखताना ही अडचण मोठी वाटली नसावी. पुढे डोळ्यांच्या बुबुळाचा आणि मोबाईलवरील सांकेतिक क्रमांकाचा पर्याय आला खरा, पण मधल्या काळात हेलपाटे मारले ते हाताने कमावणाऱ्यांनी. शिवाय २००९ पासून चाललेल्या या कामाला संसदेचा कायदा मिळाला तो २०१६ मध्ये. सात वर्षे हे सर्व सरकारी आदेशावर चालले. कंपनीत 'आधी काम, मग कागद' ही तारीफ समजली जाते. राज्यकारभारात कागद म्हणजे नागरिकाचा हक्क असतो.

२०१४ मध्ये निलेकणी बंगळूरमधून लोकसभेला उभे राहिले आणि पराभूत झाले. उमेदवारी अर्जासोबत त्यांनी स्वतःची व पत्नीची मिळून सुमारे ७,७०० कोटी रुपयांची मालमत्ता जाहीर केली, तीत बहुतांश इन्फोसिसचे शेअर होते. २०१७ मध्ये ते इन्फोसिसमध्ये परतले आणि कंपनीचे अध्यक्ष झाले. यात बेकायदा काही नाही. पण उमेदवाराला मालमत्ता जाहीर करावीच लागते, म्हणून मतदाराला ती पाहता आली. नेमणुकीने येणाऱ्या प्रत्येकाची अशी यादी लोकांपुढे यावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.

राज्यात काय चालले आहे

मराठवाड्याचा अनुशेष मोजण्यासाठी राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ साली मराठवाडा वैधानिक विकास मंडळ आले. त्याचे काम संथ होते, हे सर्वांना माहीत आहे. तरी पाण्याचा, रस्त्यांचा, नोकऱ्यांचा हिशोब जिल्हावार मांडला जात होता. त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यानंतर २०२२ च्या अखेरीस राज्य सरकारने दोन नव्या गोष्टी केल्या. नीती आयोगाच्या धर्तीवर 'मित्र' ही संस्था काढली आणि टाटा सन्सचे अध्यक्ष एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखाली राज्याची आर्थिक सल्लागार परिषद नेमली. परिषदेत अनंत अंबानी, करण अदानी अशी नावे होती. 'मित्र'च्या उपाध्यक्षपदी ठाण्याचे एक बांधकाम व्यावसायिक अजय आशर यांची नेमणूक झाली, तेव्हा विरोधकांनी बरीच टीका केली. २०२५ मध्ये त्यांचे नाव वगळले गेले.

या मंडळींच्या हेतूवर शंका घेण्याचे आम्हाला कारण नाही. उद्योगपतींचा सल्ला राज्याने जरूर घ्यावा. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या मेजाभोवती राज्याची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरची कशी करायची याची चर्चा होते, त्या मेजाजवळ पाथरीचा लाकूडकाम करणारा, पूर्णेचा फळविक्रेता बागवान, सोनपेठचा शिंपी यांच्या वतीने बोलणारे कोण असते?

केंद्रातही तसेच. २०१८ मध्ये केंद्र सरकारने सहसचिवांच्या दहा जागांसाठी बाहेरच्या तज्ज्ञांकडून थेट अर्ज मागविले. ऑगस्ट २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाने अशाच ४५ जागांची जाहिरात काढली, पण तीत राखीव जागांची तरतूद नसल्याने गदारोळ झाला आणि काही दिवसांत ती मागे घेतली गेली. स्पर्धा परीक्षेच्या दाराने आमची मुले आधीच थोडी जातात. बाजूचे दार उघडणार असेल तर ते कोणाला दिसणार आणि कोणाला नाही, हा प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक मागासलेल्या समाजाला आहे.

जाण कोणाची?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. धंदा कळणारा माणूस आला असे आपण म्हणतो तेव्हा कोणता धंदा? बड्या कंपनीच्या हिशोब विभागात एक कौशल्य फार मोलाचे मानले जाते. येणे लवकर वसूल करायचे आणि देणे जितके लांबविता येईल तितके लांबवायचे. ज्याला हे जमते त्याला बढती मिळते. पण कंपनीने लांबविलेले ते देणे म्हणजे कोणत्या तरी लहान पुरवठादाराचे अडकलेले भांडवल असते. बॉक्स बनविणारा, शिलाईचे काम घेणारा, सुटे भाग घडविणारा कारागीर चार-चार महिने बिलाची वाट पाहतो आणि तोवर सावकाराच्या दारात जातो. हीच जाण घेऊन कोणी तिजोरीवर बसला तर त्याला कारागिराची अडचण ही अडचणच वाटणार नाही.

जपणुकीबाबत तर आपल्यापुढे फार जुने उदाहरण आहे. हजरत अबू बकर (रजि.) कापडाचे व्यापारी होते. खिलाफतीची जबाबदारी आल्यानंतर दुसऱ्या दिवशी ते नेहमीप्रमाणे कापडाचे गाठोडे खांद्यावर टाकून बाजाराकडे निघाले. तेव्हा वाटेत त्यांना थांबविण्यात आले आणि बैतुलमालमधून त्यांच्या कुटुंबापुरता खर्च ठरवून देण्यात आला, असे रिवायतीत येते. थांबविणाऱ्यांना त्यांच्या इमानदारीबद्दल तिळमात्र शंका नव्हती. एका हातात दुकान आणि दुसऱ्या हातात हुकूमत असू नये, इतकाच त्यामागचा विचार होता. आजच्या भाषेत सांगायचे तर कंपनीचे पद आणि शेअर या दोन्हींचा निकाल लावून मगच खुर्चीवर बसावे, आणि खुर्ची सोडल्यावर काही वर्षे त्याच धंद्यात जाऊ नये.

यादीत कोण नाही

जाण अपुरी असली की काय होते याचे एक उदाहरण कंपनीवाल्यांचे नाही, सरकारी कचेरीचेच आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. हाताने काम करणाऱ्या कारागिरास प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख व मग दोन लाखांचे कर्ज, अशी ती योजना. योजना चांगली आहे. तिच्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, न्हावी, चांभार, धोबी, कुंभार, सोनार वगैरे. पण यादी नीट वाचा. पिंजारी नाही. मणियार नाही. कल्हईवाला नाही. रंगरेज नाही. ज्या जिल्ह्याची ओळख कापसावर उभी राहिली, तिथे कापूस पिंजून गादी भरणारा कारागीर यादीबाहेर आहे. कोणी मुद्दाम वगळले असेल असे नाही. यादी करताना पिंजाऱ्याला ओळखणारा कोणी खोलीत नसावा. सनदी अधिकारी असो, कंपनीचा साहेब असो, खोलीत बसणाऱ्याला जे दिसते तेच कागदावर उतरते.

आपण काय करावे

तक्रार करून थांबण्यात अर्थ नाही. काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

पहिली गोष्ट, नोंदणी. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, ती आधार आणि पॅनच्या आधारे घरबसल्या होते. एजंटाला पैसे देण्याची गरज नाही. सूक्ष्म आणि लघु उत्पादक वा सेवा देणारा नोंदणीकृत असेल तर खरेदीदाराने त्याचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत चुकते करावे, असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागते आणि राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. १ एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखविता येत नाही. हे शस्त्र आपल्या कारागिरांजवळ आहे, पण नोंदणीशिवाय ते चालत नाही. दुकानदार आणि ठोक व्यापारी यांनी मात्र ध्यानात ठेवावे की २०२१ पासून त्यांनाही नोंदणी मिळते, परंतु तिचा उपयोग बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरता आहे. ४५ दिवसांचे संरक्षण त्यांना नाही.

दुसरी गोष्ट, विश्वकर्मा योजनेत ज्यांचा व्यवसाय बसतो त्यांनी अर्ज करावाच. कर्ज घेणे सक्तीचे नाही. ज्यांना व्याजी कर्ज नको असेल त्यांना प्रशिक्षण आणि अवजारांची मदत घेता येते.

तिसरी गोष्ट, ज्यांचा व्यवसाय यादीत नाही त्यांनी एकेकट्याने कुरकुर न करता जिल्ह्यातील पिंजारी, मणियार, कल्हईवाले यांची तालुकावार यादी तयार करावी. गाव, वय, कामाचे स्वरूप, कमाई एवढी माहिती पुरे. ती जिल्हा उद्योग केंद्राला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि खासदारांना सहीनिशी द्यावी, पोच घ्यावी आणि त्यांनी ती केंद्राकडे पाठविली की नाही हे दर महिन्याला विचारावे. हे काम इतर समाजांच्या कारागिरांना बरोबर घेऊन झाले तर त्याचे वजन वाढेल. झिजलेल्या बोटांना जात-धर्म नसतो.

चौथी गोष्ट, मत मागण्यास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एक प्रश्न विचारावा. राज्याच्या आर्थिक सल्लागार मंडळांवर लहान व्यापारी आणि कारागीर यांचा प्रतिनिधी घ्यावा, आणि नेमणुकीने येणाऱ्या प्रत्येकाची मालमत्ता जाहीर व्हावी, यासाठी आपण सभागृहात बोलणार काय? उत्तर होय असेल तर ते चारचौघांत वदवून घ्यावे.

कंपन्यांचे साहेब सरकारात पूर्वीही गेले आणि पुढेही जातील. त्यांच्यात मथाई असतील आणि लायक अलीही असतील. खजिना अखेर जनतेची अमानत आहे. मोंढ्यातला हमाल काडेपेटी विकत घेतो तेव्हा त्यातही त्याचा कर असतो, म्हणून किल्ल्या कोणाच्या हाती गेल्या आणि हिशोब कधी मिळणार हे विचारण्याचा त्याला टाटा-अंबानींइतकाच अधिकार आहे. त्याने तो वापरावा. त्यासाठी पहिले काम म्हणून येत्या महिन्यात आपापल्या तालुक्यातील कारागिरांची यादी करण्यास सुरुवात करावी, अशी आमची व्यापारी आणि कारागीर बांधवांना आग्रहाची विनंती आहे.